गणपतीत राहिलेला कॉम्प्युटर

"गौरी आल्या तो दिवस लाव," केसरीनाथ शेठ म्हणाले. "चांगला दिवस होता तो. पावसानंबी उघडीप दिलेली."

हेमालीनं स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, जिथं वेळ आणि तारीख दिसते तिथं, बाण नेला आणि ती थांबली. या नोकरीत तिनं पुष्कळ कामं केली होती. गाड्यांच्या पावत्या फाडल्या होत्या, हमालांची भांडणं मिटवली होती, एकदा गोडाऊनमध्ये शिरलेल्या म्हशीमागं धावली होती. काळ मागं न्यायचं काम पहिलंच.

"खरंच मागं नेऊ, शेठ?"

"ने. पन आधी हात धुऊन ये."

ती हात धुऊन आली.

वळ गावाच्या कडेला शेठचं ते गोडाऊन. बापाच्या भातशेतात भराव टाकून उभं केलेलं, लांबच लांब, निळ्या पत्र्याचं. त्याला चिकटून ही ऑफिसची खोली. एक टेबल, एक कॉम्प्युटर, आणि मागच्या भिंतीवर प्लॅस्टिकचा हार घातलेला बाबांचा, म्हणजे शेठच्या वडिलांचा फोटो. शेतात मातीची पहिली गाडी रिकामी झाली तेव्हा बाबा बांधावर उभे होते. नंतर ते त्या बाजूला फिरकलेच नाहीत. फोटोतसुद्धा ते गोडाऊनकडं पाठ करून बघत.

गोडाऊन ठाण्याच्या एका बादल्या-मगांच्या कंपनीनं भाड्यानं घेतलं होतं. करार संपत आला होता. पुढच्या करारासाठी नवा दर मेलनं पाठवा, असं कंपनीनं कळवलं होतं आणि शेवटची तारीख नेमकी सर्वपित्री अमावास्येला येत होती. गणपतीत शेठना सवड झाली नाही. सवड झाली तेव्हा पितरं लागली होती. पितृपक्षात शेठ नवी केरसुणीसुद्धा विकत घेत नसत, मग नवा दर कुठला पाठवणार? आणि दर गेला नाही तर कंपनी शेजारच्या राहनाळ गावात कुणाकडं तरी जाणार, इथलं गोडाऊन रिकामं पडणार, आणि रिकाम्या गोडाऊनला ऑफिस लागत नाही.

हे शेवटचं वाक्य कुणी बोललं नव्हतं. हेमाली ते एकटीच मनात बोलायची. तिची दिपू अजून वर्षाचीही नव्हती. घर ऑफिसच्या मागच्या आळीत, दोन कुंपणं आणि एक चिखल ओलांडला की आलं. जेवणाच्या सुट्टीत ती घरी पळायची, दिपूला पदराखाली घ्यायची आणि मग उरलेल्या वेळात जमलं तर स्वतः जेवायची. या नोकरीतलं सगळं सुख त्या सुट्टीत होतं. तिचा नवरा कुणाल राहनाळला मोठ्या गोडाऊनमध्ये शिफ्टला जायचा. तिथं सकाळी गेटवर मोबाईल काढून घेत आणि शिफ्ट सुटेपर्यंत कुणाला बाहेर सोडत नसत. इथलं ऑफिस बंद झालं तर तिलाही त्याच गेटातून आत जावं लागणार होतं.

तारीख मागं न्यायची कल्पना भूपेशची. भूपेश म्हणजे शेठचा भाचा, शेलार गावात दिलेल्या आक्काचा मुलगा. त्यानं कॉम्प्युटरचा कोर्स अर्धा केला होता, आणि कुठला अर्धा ते अजून कुणाला कळलं नव्हतं.

"मामा, तारीख तर आपल्या हातात हाय," तो म्हणाला होता. "कॉम्प्युटरला काय ठावं, भाईर पितरं लागलीत?"

शेठनी अख्खा दिवस विचार केला, पण त्यांना त्यात खोट सापडली नाही. "तोंडानं दर सांगला तर मी पितरांत सांगला. कॉम्प्युटरनं सांगला तर गणपतीत. मी आपला बाजूला बसलेला."

तर तारीख मागं गेली. बाबांच्या फोटोवर शेठनी हळूच टॉवेल टाकला. माउसवर झेंडूचं फूल ठेवलं आणि बोटानं पाणी शिंपडलं.

"मामा, पानी नको लावू, शॉक बसल."

"बसला तर गणपतीत बसल. गप."

हेमालीनं मेल पाठवला. पाठवलेल्या मेलांत तो दिसला, तारीख गौरीची. शेठनी हात जोडले आणि टॉवेल काढला. बाबा होते तसेच, पाठ करून.

तेवढ्यात हेमालीच्या छातीत ते ओळखीचं जडपण भरून आलं. दुपार झाली हे तिला घड्याळ सांगत नसे, अंगच सांगे. पदर आवळून ती चिखलातून पळत सुटली. वाटेत तिला काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. पण काय राहिलं ते दिपूच्या तोंडाकडं बघितल्यावर विसरून गेलं.

राहिलं होतं ते असं. त्याच कॉम्प्युटरमध्ये शेठनी तिच्याकडून बाबांच्या श्राद्धाची आठवण लावून घेतली होती. एरवी तिथी शेठाणी सांभाळायच्या, पण यंदा त्या लेकीच्या बाळंतपणाला शहापूरला गेलेल्या. "बाबांची एकादशी. आदल्या दिवशी घंटी वाजली पायजे," शेठ म्हणाले होते, आणि हेमालीनं लावली होती.

तीन-चार दिवसांत कंपनीच्या ऑफिसातून रंजिताचा फोन आला. मुलगी गोड बोलायची, पण गोड बोलूनही शेवटची तारीख पुढं ढकलत नसे.

"हेमालीताई, तुमचा रेट नाही आला अजून."

"पाठवलाय की!"

"कधी?"

हेमालीनं स्क्रीनकडं बघितलं. मग शेठकडं बघितलं. शेठनी ओठांवर बोट ठेवलं.

"पाठवलाय," ती म्हणाली. "नीट बघा ना."

"ताई, सगळ्यात वरती राहनाळवाल्यांचे आलेत. तुमचा नाहीये."

फोन ठेवल्यावर हेमालीच्या डोक्यात उजेड पडला. मेल तारखेनं लागतात. ताजी तारीख वर, जुनी खाली. आपला मेल गौरीच्या मेलांत जाऊन बसला आणि त्याच्यावर अख्ख्या पंधरवड्याचा ढीग पडला. रंजिता वर बघतेय, मेल तळाला आहे.

"शेठ, तिला सांगू का, खाली बघ म्हणून?"

"म्हंजे आपन तारीख मागं नेली हे सांगनार? ठाण्याला? फोनवर?" शेठनी फोटोकडं बघून आवाज खाली आणला. "पुन्हा पाठव."

तिनं पुन्हा पाठवला. तो पहिल्याच्या शेजारी जाऊन बसला. मग शेठना जेव्हा जेव्हा धीर सुटायचा तेव्हा तेव्हा ते "पाठव" म्हणायचे आणि ती पाठवायची. कंपनीच्या कॉम्प्युटरच्या तळाशी केसरीनाथ शेठच्या दराची एक रांगच लागली असेल आणि वर कुणाला तिचा पत्ता नव्हता.

एका सकाळी कंपनीचाच मेल आला. तो मात्र खऱ्या तारखेचा. सगळ्यांच्या वर, ठळक अक्षरात, आपल्या कॉम्प्युटरच्या हिशेबानं पुढच्या पंधरवड्यातला. हेमाली उघडणार तोच शेठ ओरडले.

"थांब! तारीख काय त्याच्यावर?"

तिनं सांगितली.

"आनि आपली आज काय?"

तिनं तीही सांगितली.

"मग तो मेल अजून आलाच न्हाय."

"शेठ, हा काय समोर दिसतोय."

"दिसल. पन आपन अजून गणपतीत हाव. पितरांतलं पत्र आपन गणपतीत उघडलं, तर मग आपन पितरांतच हाव असं झालं. मग आपला दर कवा गेला? इचार कर जरा."

हेमालीनं विचार केला. विचार जितका केला तितकं शेठचं बरोबर वाटायला लागलं, म्हणून तिनं तो सोडून दिला. न आलेला मेल रोज तिच्याकडं ठळक अक्षरात बघत राहिला.

भूपेशला पाचारण झालं. त्यानं बोटं मोडली आणि बिघाड शोधायला बसला. म्हणजे तारीख सोडून बाकी सगळ्यात बिघाड शोधायला. आधी त्यानं मेल उलटे लावले, जुने वर आणि ताजे खाली. मग तारखेचा रकानाच लपवून टाकला.

"दिसलीच न्हाय तर चुकल कशी?"

"पण रंजिताच्या कॉम्प्युटरवर दिसतेच ना, भूपेशदादा."

"तिचा कॉम्प्युटर तिनं बघावा." मग त्यानं घड्याळाच्या आणखी आत हात घातला आणि कॉम्प्युटर कुठल्या तरी भलत्याच देशात नेऊन ठेवला. तिथं नुकतीच सकाळ होत होती.

त्याच दुपारी हेमालीचं अंग भरून आलं. ती उठली, पिशवी घेतली.

"कुठं?" शेठ म्हणाले.

"दिपूला पाजायला. जेवायची सुट्टी झाली."

शेठनी स्क्रीनकडं बोट दाखवलं. "नाश्त्याची येल हाय अजून. बस जरा. कंपनीचा फोन आला तर उचलायला कोन? मी उचलला तर तोंडानं बोलावं लागंल."

ते थट्टेनं म्हणाले की खरंच म्हणाले, हे हेमालीला कळलं नाही. बहुतेक त्यांनाही कळलं नसावं. नोकरी टिकावी म्हणून ती बसली. ब्लाउज ओला झाला तेव्हा तिनं पदर पुढं घेतला आणि घरी फोन लावला.

सासू, ठकुबाई, फोन कानापासून लांब धरून बोलायची. "न्हाय येत? मंग पोर काय हवा खाल? नाचनीचं सत्त्व घालते. तू बस तुज्या डब्यासमोर."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. बाहेर ट्रेलर चिखल उडवत जात. पत्र्यावर परतीच्या पावसाचे थेंब आपल्याला कुणी बोलावलंय का याची खात्री करत करत पडत. शेठ फोटोखाली बसून असत, हेमाली स्क्रीनपुढं, आणि आत कॉम्प्युटरमध्ये गणपतीचा एकेक दिवस सुखानं पुढं सरकत असे.

मग आक्का आली. शेठची थोरली बहीण, रिक्षातून उतरली तीच आवाज लावून.

"केसऱ्या! काल अख्खा दीस मी धुवट लुगडं नेसून बसलेली. म्हटलं बोलावनं येल, रिक्षा येल. कुत्रंबी आलं न्हाय. काल बाबाची एकादशी गेली ना रं!"

शेठ उभे राहिले. "काल कुठं? घंटी न्हाय वाजली अजून."

"कसली घंटी?"

शेठनी कॉम्प्युटरकडं बोट केलं. आक्का वाकून स्क्रीनमध्ये बघायला लागली, जणू आत बाबा दिसतील. "काय हाय आज याच्यात?"

शेठ फोटोकडं बघायला लागले. शेवटी हेमालीच म्हणाली, अगदी बारीक आवाजात, "आक्का, याच्यात आज अनंत चतुर्दशी आहे. विसर्जन."

"म्हंजे माजा बाप उपाशी, आनि तुमी अजून मोदक खाताव?" आक्कानं टेबलावर हात आपटला. माउसवरचं सुकलेलं फूल खाली पडलं. "जल्ला तो कम्पुटर! ही अक्कल कोनाची?"

भूपेश पंखा किती पाती घेऊन फिरतो ते बघत होता. आईनं त्याच्याकडं नुसतं बघितलं आणि तो पंखा सोडून बाहेर गेला.

केसरीनाथ शेठ मात्र खाली बसले. मोठं माणूस खाली बसताना जो आवाज करतं तो न करता, गुपचूप. "पितरांना फसवाया गेलो," ते म्हणाले, "आनि माज्याच बापाला जेवान चुकलं, आक्का."

"रडू नको. अमावास्येला घाल. ज्यांची तीथ चुकली त्यांच्यासाठीच ती ठेवलीय. तुज्यासारखे पोरगे असनार हे आधीच्यांना ठावं होतं." तिनं पदरानं भावाचं कपाळ पुसलं. तिचा रागही तिथंच पुसला गेला.

"हेमाली," शेठ म्हणाले, "खरी तारीख लाव."

तिनं कोपऱ्यात क्लिक केलं. कॉम्प्युटर एका झटक्यात गणपतीतून पितृपक्षात आला. आणि घंटी वाजली. स्क्रीनवर चौकट आली: 'बाबांचं श्राद्ध. उद्या.' घंटी वाजतच राहिली. ती बंद करायला हेमालीचा हात पुढं होईना.

न आलेला मेल आता आलेला झाला. तिनं उघडला. अमावास्येच्या संध्याकाळपर्यंत दर न मिळाल्यास कंपनी दुसऱ्या गोडाऊनचा विचार करेल, असं त्यात होतं.

"आत्ताच पाठवू का, शेठ?"

"आधी बाबाला जेवू दे," शेठ म्हणाले. "उपाशी बापाच्या डोक्यावरून मी दर पाठवनार न्हाय. अमावास्येला त्याचं झालं की मग पाठव. खऱ्या तारखेनं."

तोवर कंपनीचा फोन येईल म्हणून हेमाली रोज दुपारी ऑफिसातच बसून राहिली. अमावास्येला आक्कानं रांधलं. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, गवार. पान घराच्या अंगणात ठेवायचं सोडून शेठनी गोडाऊनच्या कुंपणाच्या भिंतीवर ठेवलं. "बाबाचं शेत हितंच होतं," एवढंच म्हणाले. दुपार झाली. हेमालीचं अंग भरलं, पण शेठचा जीव त्या पानात अडकलेला आणि तिचा त्या मेलमध्ये. ती ऑफिसच्या दारात उभी राहिली.

कावळा आला. एसीच्या बाहेरच्या डब्यावर बसला. पानाकडं बघितलं, गोडाऊनकडं बघितलं आणि मान फिरवली.

"बाबासारखाच करतो मेला," आक्का म्हणाली.

शेठ हात जोडून उभे होते. त्यांचे ओठ हलत होते. माफी मागत होते की करारातल्या अटी सांगत होते, कोण जाणे. बऱ्याच वेळानं कावळा उतरला, एक वडा उचलला आणि पुन्हा पाठ करून बसला. पण खाल्ला. शेठनी डोळे पुसले.

"पाठव, हेमाली. पितरांत तर पितरांत. आता खोटं न्हाय."

तिनं पाठवला. तारीख खरी, अमावास्येची. तिची पिशवी खांद्यावर होती, एक पाय दाराबाहेर होता, आणि फोन वाजला. तिनं तो सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला.

"हेमालीताई, अभिनंदन!" रंजिता हसत होती. "आमचे मोठे शेठ आज सकाळी काय बोलले माहितीये? श्राद्धात आलेला एक पण रेट मला दाखवायचा नाही. अपशकुन असतो म्हणे. राहनाळवाल्यांचे सगळे श्राद्धातलेच निघाले. मग मी बसून खाली खाली जाऊन बघितलं, कोणाचा गणपतीतला आहे का. तर तुमचा! गौरीचा दिवस बघून पाठवलाय, शेठ एकदम खूश. पण एकच मेल किती वेळा पाठवलात हो?"

"ते... चुकून."

"करार तुमच्याशीच होणार, नवरात्रात. फक्त एक सांगा. हा आत्ता वरती तुमचा अजून एक आलाय. आजच्या तारखेचा. अमावास्येचा? शेठनी बघितला तर परत सगळं..."

हेमालीनं केसरीनाथ शेठकडं बघितलं. शेठनी आक्काकडं बघितलं. आक्का भिंतीवरच्या कावळ्याकडं बघत होती. मागच्या आळीतून कुणाचं तरी मूल रडल्यासारखं वाटलं आणि हेमालीच्या ब्लाउजवर दोन ओले गोल उमटले.

"तो ना, ताई," ती म्हणाली, "तो सोडा. आमच्या कॉम्प्युटरची तारीख बिघडलीय."

"अय्या! मग दुरुस्त करून घ्या ना."

"हो. आजच करते."

"मग उडवते हा अमावास्येचा."

"उडवा."

फोन बंद झाला. मग शेठनी टॉवेल उचलला, फोटोपाशी गेले आणि थांबले. आता टाकून उपयोग नव्हता. "हे बाबाला कळायला नको," ते पुटपुटले. बाहेर कावळा उडून गेला.

हेमाली धावली. चिखल, एक कुंपण, दुसरं कुंपण. नोकरी राहिली होती, दुपार राहिली होती. आता रोज येईन, ती मनात म्हणत होती, आता कुठलं घड्याळ मला अडवत नाही.

ओट्यावर ठकुबाई तांदूळ निवडत बसलेली. आत पाळणा मंद हलत होता.

"दिपू?"

"निजली."

"आई, उठवते तिला. आज लय भरून आलंय."

"नको उठवू. पोट भरलंय तिचं." ठकुबाईनं एक खडा उचलून अंगणात टाकला. "दुपारचं सोडलंय तिनं. सत्त्व पिते न् निजते. तुजी वाट न्हाय बघत आता."

हेमाली दारातच टेकली. "कधीपासून?"

"झालं की काल-परवा."

"काल की परवा? कधी, आई?"

"मना काय इचारतं? तुज्या कॉम्प्युटरला इचार."

सासू हे हसून म्हणाली. हेमालीलाही हसू आलं, आणि ते तोंडातच कुठंतरी विरलं. ती आत गेली. पाळण्याची दोरी धरून खाली बसली. दूध वाहत होतं, त्याला काही कळवलेलं नव्हतं.

दिपूच्या ओठांच्या कडेला सत्त्वाचा तपकिरी डाग वाळलेला. हेमालीनं तो पदरानं पुसला, अगदी हलक्या हातानं. तशी दिपूची जिवणी हलली. डोळे मिटलेलेच, पण ओठांचा चंबू झाला आणि ती चुटूक चुटूक हवेलाच प्यायला लागली. झोपेत ती अजून गणपतीतच होती.